बारा वर्षांचा हिशेब

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन हमीभावाच्या खाली जात असताना कुणी पिकांच्या जीनोमचा विषय काढला, की उत्तर ठरलेलं असतं. भाव मिळत नाही, तिथे नवा वाण काय करणार? या प्रश्नामागचा राग खरा आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि सौद्यात त्याहून बरंच कमी निघत होतं. ज्याने घरची रास त्या भावाने घातली, त्याला प्रयोगशाळेच्या गोष्टी सांगायला जाणाऱ्याने आधी त्याचं ऐकून घेतलंच पाहिजे.

पण राग खरा असला म्हणून त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर ठरत नाही. शेतीत खर्च एकरावर होतो आणि पैसा क्विंटलवर येतो. नांगरट, बियाणं, खत, तणनाशक, दोन-तीन फवारण्या, काढणी, मळणी. एकरी चार क्विंटलचा उतारा आला तरी हे सगळं करावं लागतं आणि नऊचा आला तरी करावंच लागतं. हमीभाव शेवटच्या पैशापर्यंत मिळाला असं धरलं, तरी चार क्विंटलवाल्याचं वर्ष फार तर बरोबरीत सुटतं. भावाची लढाई बाजारात आलेल्या मालासाठी असते आणि ती लढलीच पाहिजे. शेतातच वाळून गेलेल्या पिकाला मात्र कोणता भाव लावणार?

२०२३ चा खरीप आठवून पाहा. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्यातलं सोयाबीन ऐन फुलोऱ्यात पावसाच्या खंडात सापडलं. त्यावर पिवळा मोझॅक आला, मूळकूज आणि खोडकूज आली, आणि लातूर, धाराशिव, नांदेडची रानं शेंगा भरण्याआधीच पिवळी पडली. पिवळ्या मोझॅकच्या विषाणूला औषध नाही. तो पसरवणारी पांढरी माशी मारता येते, तीही वेळेवर लक्षात आलं तर. झाड पिवळं दिसायला लागल्यावर केलेली फवारणी म्हणजे कृषी सेवा केंद्रात ठेवून आलेले पैसे. खरा बचाव बियाण्यातच असावा लागतो आणि तो पेरणीच्या आधी असावा लागतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यातली गावं पुराच्या पाण्यात गेली, आणि सप्टेंबरात मराठवाडाभर उभं सोयाबीन चिबडून सडलं. या दोन टोकांमध्ये दहा वर्षंही नाहीत. नेहमीच्या पद्धतीने नवा वाण शेतकऱ्याच्या हाती पडायला मात्र दहा-बारा वर्षं लागतात. २०१६ चा दुष्काळ पाहून कुणी त्याच वर्षी संकर केला असता, तर त्या संकराचा वाण पुराच्या वर्षीसुद्धा बाजारात आला नसता.

हा उशीर कुठून येतो, हे बहुतेक वादांत कुणी सांगतच नाही. दोन वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी झाडं सारखी येतात. दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. ते निवडून स्थिर करायला सहा-सात पिढ्या लागतात, आणि सोयाबीन किंवा तुरीची पिढी म्हणजे एक वर्ष. पुढे केंद्रावरच्या चाचण्या, अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातली निदान तीन वर्षं, राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीची (जॉइंट अ‍ॅग्रेस्को) किंवा केंद्रीय समितीची शिफारस, अधिसूचना. तेवढ्यावरही संपत नाही. पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित बियाण्याची साखळी तिथून सुरू होते. पैदासकाराकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही, तो पिकाच्या चालीने चालतो. पण या बारा वर्षांत जी पिकं जातात ती शेतकऱ्याची जातात, आणि हा तोटा कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

जीनोमचं, म्हणजे पिकाचा सगळा डीएनए वाचण्याचं, काम या बारा वर्षांच्या पहिल्या अर्ध्या भागात आहे. सोयाबीनचा जीनोम २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, हरभऱ्याचा २०१३ मध्ये. तुरीचा त्याआधीच वाचून झाला होता. तो वाचणाऱ्या गटांपैकी एक राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखाली इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत, हैदराबादजवळ पाटणचेरूला काम करत होता, आणि पाटणचेरू उदगीरला पुण्यापेक्षा जवळ आहे. या वाचनाचा उपयोग असा की रोप पंधरा-वीस दिवसांचं असताना त्याच्या पानाचा छोटा तुकडा घेऊन त्यात हवा तो गुण आला आहे की नाही, हे डीएनएवरच्या खुणांवरून कळतं. रोग येण्याची, दुष्काळ पडण्याची वाट पाहावी लागत नाही. हजार रोपांतून पन्नास ठेवायची आणि बाकीच्यांवर जागा, पाणी, मजुरी घालवायची नाही.

उत्पादनासारखा गुण एखाददुसऱ्या जनुकावर नसतो. शेकडो ठिकाणांचा थोडाथोडा वाटा त्यात असतो. त्यासाठी सगळ्या जीनोमवरच्या खुणा एकत्र धरून अंदाज बांधण्याची रीत म्युविसन, हेज आणि गोडार्ड यांनी २००१ मध्ये मांडली. आज जगातल्या दुधाळ गायींचे वळू याच रीतीने निवडले जातात. त्याच्या जोडीला प्रकाश आणि तापमान ताब्यात ठेवून वर्षात अनेक पिढ्या घेण्याचं तंत्र आलं आहे. गहू आणि हरभऱ्याला दिवसाचे बावीस तास उजेड देऊन वर्षात सहा पिढ्यांपर्यंत मजल गेली. सोयाबीन छोट्या दिवसाचं पीक असल्याने त्याला हे चालत नाही. त्याला दहा तासांचाच उजेड द्यावा लागतो, पण निळ्या प्रकाशाचं प्रमाण वाढवून त्यातही वर्षात पाच पिढ्या घेता येतात, हे दाखवून झालं आहे. सहा-सात वर्षांचं काम दोन-तीन वर्षांत बसतं. तुरीसारख्या लांब मुदतीच्या पिकात तर या बचतीचं मोल सगळ्यात जास्त.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो मोठ्या आवाजात येतो: हे जीएम बियाणं मागच्या दाराने आणणं आहे. हे साफ चूक आहे. खुणा पाहून निवड करताना बाहेरचं कोणतंही जनुक घालत नाहीत. आईबापांकडून जे आलं तेच रोपात असतं, फक्त ते आहे की नाही हे लवकर कळतं. हरियाणातल्या बाजरीच्या एचएचबी-६७ या संकरित वाणाला गोसावी रोग लागत होता. त्यात या खुणांच्या मदतीने प्रतिकारशक्ती आणली आणि २००५ मध्ये सुधारित रूप शेतकऱ्यांना मिळालं. ती बाजरी इतकी वर्षं खाल्ली जात आहे. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचा एनआरसी-१२७ हा वाण याच मार्गाने आला. सोयाबीन उकळून घ्यावं लागतं ते ज्या घटकामुळे, तो घटकच त्यात नाही. २०१९ मध्ये आलेला पुसा हरभरा १०२१६ तसाच. आयसीसी-४९५८ या ओळीच्या, म्हणजे पैदाशीसाठी राखलेल्या हरभऱ्याच्या वंशाच्या, चौथ्या गुणसूत्रावरचा, मुळांशी आणि दुष्काळ सोसण्याशी जोडलेला तुकडा पुसा-३७२ मध्ये आणून तो तयार केला. त्याच वर्षी सुपर अण्णिगेरी-१ आला. कलबुर्गीच्या काळ्या रानात वर्षानुवर्षं पेरल्या जाणाऱ्या अण्णिगेरी हरभऱ्याला मर रोगाशी लढण्याचं बळ देऊन रायचूरच्या कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅटने तो घडवला. या दोन्ही हरभऱ्यांची शिफारस ज्या राज्यांसाठी झाली त्यांत महाराष्ट्र आहे.

जनुक संपादन, म्हणजे रोपाच्या डीएनएत ठरावीक जागी बदल करणं, ही यापुढची वेगळी गोष्ट. मार्च २०२२ मध्ये केंद्राने त्यातल्या काही प्रकारांना जीएमच्या नियमांतून सूट दिली आणि मे २०२५ मध्ये अशा दोन भातवाणांची घोषणा झाली. त्यावर वाद व्हावा, पेटंट कुणाचं हे विचारलं जावं. पण त्या वादाचं ओझं साध्या निवडीवर टाकून तीही थांबवणं म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याचं नुकसान करणं आहे.

देशी बियाण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणं गरजेचं वाटतं. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि लातूरच्या कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते या मातीतल्या पिढ्यांनी केलेल्या निवडीचं फळ आहे. मालदांडी ज्वारी मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतूनच निवडली गेली. पण देशी वाण आहे तसा जपायचा आणि त्याच्यात काय आहे ते वाचायचं मात्र नाही, हा आग्रह कशासाठी? सुपर अण्णिगेरीला मर रोगाशी लढण्याची ताकद मिळाली ती डब्ल्यूआर-३१५ या मध्य भारतातल्या जुन्या गावठी हरभऱ्यातून. २०२१ मध्ये हरभऱ्याच्या ३,३६६ ओळींचे जीनोम वाचून प्रसिद्ध झाले. बियाणे बँकेत वर्षानुवर्षं बंद पडून असलेला देशी वाण आधी वाचला जातो, आणि वाचला की त्याचं मोल कळतं. बोरसुरीच्या तुरीची चव न बिघडवता तिच्यात वांझ रोगाला आणि मर रोगाला तोंड देण्याची क्षमता आणायची असेल, तर मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करत बाकीचा सगळा जीनोम बोरसुरीचाच राहिला आहे याची खात्री प्रत्येक पिढीत खुणांवरून करून घेता येते. नुसत्या डोळ्यांनी ही खात्री होत नाही. देशी वाणाचं वेगळेपण राखून त्याला टिकवण्याचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो संशोधन केंद्रांत आयुष्य घालवलेली माणसंही घेतात. ते म्हणतात, वाण कमी आहेत कुठे? कागदावर भरपूर आहेत. शेतात जातात का? सोयाबीनचा जबलपूरहून आलेला जेएस-३३५ १९९४ चा, आणि तो पुढे दोन दशकांहून अधिक काळ आपल्या शिवारात राज्य करत राहिला. परभणीच्या विद्यापीठाने एमएयूएस-७१ दिला, १५८ दिला, ६१२ दिला. मग आधीचंच पोहोचत नसताना आणखी वेगाने काढून काय होणार?

यातला अर्धा भाग मी बिनशर्त मान्य करतो. सोयाबीनचं बियाणं जड असतं, हेक्टरी ७५ किलो लागतं, आणि एका क्विंटलपासून पंधरा-सोळा क्विंटलच्या वर चांगलं बियाणं क्वचितच निघतं. एक क्विंटल पैदासकार बियाणं दोन हंगामांनी अडीचशे क्विंटलच्या आसपास जातं. तेवढ्यात साडेतीनशे हेक्टरही पेरून होत नाहीत, आणि एकट्या लातूर जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा चार लाख हेक्टरांच्या वर आहे. बियाण्याचं टरफल नाजूक, काढणीच्या वेळी पाऊस लागला किंवा मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले की उगवण गेली. जून २०२० मध्ये मराठवाडाभर पेरलेलं उगवलं नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. बियाण्याची साखळी दुरुस्त केल्याशिवाय जीनोमच्या वेगाला शेतात पाय फुटणार नाहीत, हे खरंच आहे.

पण यातून वेग नको असा अर्थ कसा निघतो? जुना वाण इतकी वर्षं का टिकला याचं एक कारण बियाण्याची साखळी, आणि दुसरं कारण असं की नंतर आलेल्या बऱ्याच वाणांत शेतकऱ्याला बदल करावासा वाटेल इतका फरक दिसला नाही. जिथे दिसला तिथे त्याने कुणाची वाट पाहिली नाही. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या केंद्राने तांबेऱ्याचा त्रास डोळ्यांसमोर ठेवून काढलेला फुले संगम शेतकऱ्यांनीच एकमेकांकडून घेत मराठवाड्यापर्यंत आणला. सोयाबीन, हरभरा ही सरळ वाणांची पिकं आहेत. शेतकऱ्याने घरचं बियाणं राखलं, उगवण तपासून पुन्हा पेरलं, पाहुण्याला दोन पोती दिली, तरी वाण तोच राहतो. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ ने त्याला हे करण्याचा, बियाणं विकण्याचाही हक्क दिला आहे, फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. डोळ्यांना दिसेल असा फरक असलेला वाण या पिकांत गावोगावच्या खळ्यांवरून पसरतो. तो फरक आणण्याचं काम जीनोमचं.

याच जागी कापसाची गोष्ट सांगावी लागते, कारण नांदेडच्या माणसाला कंपन्यांची भीती वाटते ती उगाच नाही. परभणी विद्यापीठाच्या नांदेडमधल्या कापूस संशोधन केंद्राने ऐंशीच्या दशकात एनएचएच-४४ हा संकरित वाण दिला. नांदेड-४४ म्हणून तो घराघरात पोहोचला, कारण पाण्याचा ताण सोसत होता आणि रसशोषक किडींपुढे लगेच मान टाकत नव्हता. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बीटीचं जनुक खाजगी मालकीचं होतं. परवाना घेतलेल्या कंपन्यांचे संकरित वाण दुकानात आले आणि आपल्या विद्यापीठाचा, आपल्या मातीत पारखलेला वाण काही वर्षांत शेतातून हद्दपार झाला. राज्याच्या बियाणे महामंडळाच्या, महाबीजच्या, मदतीने नांदेड-४४ बीटी रूपात परत येईपर्यंत दीड दशक उलटलं होतं. तोवर गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली होती, २०१७ च्या हंगामात मराठवाड्याने ते बोंडं फोडून पाहिलं.

या गोष्टीवरून काही जण म्हणतात, पाहा, तंत्रज्ञान आलं की शेतकरी बुडतो. मला तिच्यातून नेमकं उलट दिसतं. वाण सार्वजनिक होता, त्यात जे घालायचं ते मात्र दुसऱ्याच्या कुलपात होतं, आणि विद्यापीठाला वेळेत चाल करता आली नाही. आपण जीनोमपासून दूर राहिलो म्हणून कंपन्या दूर राहणार नाहीत. त्यांच्या प्रयोगशाळा हेच काम रोज करतात. सार्वजनिक संस्थांनी हात आखडता घेतला, तर सोयाबीन आणि तुरीतही पुढचा चांगला वाण दुकानातल्या पाकिटातूनच येईल आणि त्याच्यावर दर कुणी लिहायचा हे आपल्या हातात नसेल.

मात्र जीनोमच्या बाजूने बोलणाऱ्यांतही एक उतावीळ पंथ आहे. संगणकच वाण सांगेल, दोन वर्षांत शेतात आणू, चाचण्यांचा एवढा घोळ कशाला, असं ते म्हणतात. त्यांना ठामपणे नाही म्हटलं पाहिजे. खंडाचं वर्ष, अतिवृष्टीचं वर्ष आणि बरं वर्ष पाहिल्याशिवाय कोरडवाहू वाणावर भरवसा ठेवता येत नाही. निवडीची वर्षं कापा, शेतातल्या चाचण्यांची वर्षं कापू नका. बाराचे सात-आठ झाले तरी पुष्कळ आहे.

आणि अंदाज बांधायला आधी शेतातली मोजमापं लागतात. काही शे ओळी प्रत्यक्ष पेरायच्या, किती दिवसांत फुलल्या, खंडात किती तग धरला, पाणी साचल्यावर किती दिवसांनी माना टाकल्या, हे लिहून घ्यायचं, आणि त्या नोंदी जीनोमशी जोडायच्या. इंदूरच्या शेतावर बांधलेला अंदाज अहमदपूरच्या बालाघाटी माळावर किंवा देगलूरच्या भारी काळ्या रानात तसाच लागू पडेल, असं समजणं धोक्याचं आहे. पिवळ्या मोझॅकचंच पाहा: उत्तर भारतात हा रोग आणणाऱ्या विषाणूची जात एक, दक्षिणेकडे आढळणारी दुसरी. तिकडे टिकलेला वाण इकडे टिकेल याची हमी कुणी द्यायची? जीनोमचं वाचन हैदराबादला करून आणता येईल, पैसे दिले की कुठेही होईल. मोजमाप मात्र इथेच करावं लागेल, आणि तेच या कामातलं सगळ्यात महाग आणि सगळ्यात दुर्लक्षित अंग आहे.

त्यासाठी लागणारं बरंच काही आपल्याकडे आधीच आहे. लातूरला गळीतधान्यांचं संशोधन केंद्र आहे आणि त्याच शहरात, त्याच परभणी विद्यापीठाचं विलासराव देशमुख कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. नांदेडला कापसाचं केंद्र आहे, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात जीवशास्त्रांची शाखा आहे. बदनापूरच्या संशोधन केंद्राने तुरीचे बीएसएमआर-७३६ आणि बीडीएन-७११ सारखे वाण दिले आहेत. या सगळ्यांचं एकच काम म्हणून एकत्र अंदाजपत्रक मांडलं जावं, पैदासकार, विषाणूतज्ज्ञ आणि संख्याशास्त्राचा माणूस एका चमूत बसावा, कृषी विद्यापीठांतली रिकामी पदं भरली जावीत, विशेषतः शेतावर उभं राहून मोजणाऱ्या सहायकांची. केंद्रांतल्या जुन्या चाचण्यांच्या नोंदवह्या संगणकात याव्यात आणि ज्या ओळींचं बियाणं अजून उगवतं त्यांचे नमुने आधी वाचले जावेत. यातून निघणाऱ्या खुणांची माहिती सगळ्यांना खुली असावी. आणि विद्यापीठ पुढे कुठल्याही कंपनीशी करार करेल, तेव्हा शेतकऱ्याचा बियाणं राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क अबाधित राहील, आणि मूळ ओळी विद्यापीठाच्याच मालकीच्या राहतील, ही कलमं करारात सगळ्यात आधी लिहिलेली असावीत. नांदेड-४४ च्या बाबतीत जे झालं ते तुरीच्या आणि सोयाबीनच्या बाबतीत होऊ द्यायचं नसेल, तर ही कलमं आजच लिहून ठेवावी लागतील.